चोरखिसा चोराचा नव्हे!

मुलांनो, आधी एक काम करा. मासिक जरा बाजूला ठेवा आणि तुमच्या अंगावरच्या कपड्यांना खिसे किती आहेत ते मोजा. मोजलेत? आता आईच्या कपड्यांचे मोजा, मग बाबांच्या.

आमच्या चौथीच्या वर्गात हा उद्योग आम्ही केला तेव्हा मोठी गंमत झाली. मुलांच्या शर्टाला एक आणि हाफपॅंटला दोन, असे तीन खिसे निघाले. मुलींच्या पिनाफोरला मात्र कुणाला एक, कुणाला तोही नाही. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुमच्या साडीला किती?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साडीला कुठला आलाय खिसा! तो नव्हता म्हणूनच तर पुढचं सगळं रामायण घडलं होतं.

तीच गोष्ट आधी सांगते. नीट लक्ष देऊन ऐका, कारण मध्येच मी तुम्हाला एक कोडं घालणार आहे.

मी राहते मुलुंडला आणि शाळा आहे घाटकोपरला. रोजचा प्रवास लोकलचा. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजुरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, हा आमचा पाढा. त्या दिवशी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक लिफाफा होता. वर्गाच्या सहलीचे पैसे! ३४ मुलं, प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे एकूण ६,८०० रुपये. आदल्या दिवशी शेवटचे पैसे जमेपर्यंत कार्यालय बंद झालं, म्हणून लिफाफा घरी नेला आणि सकाळी परत घेऊन निघाले.

मुलुंडला गाडी आली. महिलांच्या डब्यात चढायला ही झुंबड! मुंबईकरांना सांगायला नको. आपण चढत नाही, मागची गर्दी आपल्याला आत नेऊन सोडते. आत गेले, कडीला हात लावला, हुश्श केलं. नाहूरला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हे लाल पेन कुणाचं पडलंय?" मी म्हटलं, माझं नाही. माझं लाल पेन तर पिशवीच्या तळाशी होतं. भांडुपला पिना आणि क्लिपा विकणारा एक मुलगा चढला. असेल दहा-अकरा वर्षांचा. पत्र्याचा डबा गळ्यात अडकवलेला. गर्दीतून वाट काढत तो अगदी मला घासून पुढे गेला. कांजुरमार्ग गेलं, विक्रोळी गेलं. उतरायची तयारी म्हणून मी पिशवी पुढे ओढली, तर ती हलकी लागली. खालच्या बाजूला हात लावला आणि बोटं थेट आरपार! ब्लेडने सरळ चीर दिलेली होती. लिफाफा गायब.

आता मी काय केलं ते सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते. मी ओरडले, "तो मुलगा! आत्ता इथून गेला तो!" चार-पाच जणींनी त्याला धरलं. कुणी त्याचा डबा हिसकला, तो उपडा झाला आणि सगळ्या डब्यात पिनाच पिना. कुणी त्याच्या पॅंटच्या खिशात हात घातला. एका खिशाला तळच नव्हता, दुसरा पॅंटच्या कापडालाच शिवून बंद केलेला होता. त्याच्याकडे माझा लिफाफा असणं शक्यच नव्हतं. तो रडला नाही. खाली बसून पिना गोळा करू लागला.

आता कोडं. तो मुलगा निर्दोष होता याचा दुसरा पुरावा माझ्यापाशी आधीपासूनच होता. कोणता?

ओळखलंत ना? लाल पेन! ते माझंच होतं. पिशवीला चीर पडल्यावर तळातून ते खाली घसरलं होतं, आणि पडलं होतं नाहूरला. म्हणजे चीर त्याच्या आधीच पडली होती, बहुधा मुलुंडला चढतानाच्या झुंबडीत. तो मुलगा तर भांडुपला चढला होता. एवढं साधं गणित! रोज फळ्यावर गणितं लिहिणाऱ्या बाईंना ते घाटकोपरच्या फलाटावर उतरल्यावर सुटलं. तोवर गाडी त्याला घेऊन निघूनही गेली होती.

पैशांचं म्हणाल तर पोलिसांत तक्रार नोंदवली, आणि ६,८०० रुपये माझे मी भरले. थोडे साठवलेले होते, थोडे बहिणीकडून घेतले. सहल काही रद्द झाली नाही. पण त्या दिवसापासून मी दोन गोष्टी शोधत होते. एक तो मुलगा, आणि दुसरी म्हणजे ब्लेडला पुरून उरेल असा खिसा.

दुसऱ्या शोधासाठी गेले आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे. त्यांनी माझी चिरलेली पिशवी हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "बाई, पिशवीचा दोष नाही. पैसे नको तिथे ठेवले होते तुम्ही." मग त्यांनी मला खिशाची जी शाळा घेतली ती ऐका.

शर्टाचा वरचा खिसा हा खिसा नव्हेच, ती खिडकी! वाकलं की त्यातलं सगळं बाहेर. पॅंटचा मागचा खिसा सगळ्यात वाईट, कारण तिथे आपले डोळे पोचत नाहीत. पुढच्या खिशांची तोंडं तिरपी असतात. उभं असताना ती ठीक, पण बसलं की आ वासतात. त्यातल्या त्यात बरा खिसा कोणता? ज्याचं तोंड आडवं असतं आणि आपला हात मनगटापर्यंत आत गेल्यावर बोटं जेमतेम तळाला टेकतात तो. आणि सगळ्यात चांगला खिसा? काकांनी एक तयार पॅंट उलटी करून दाखवली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, पोटाशी, छोटीशी पिशवी लोंबत होती. बाहेरून तिचा पत्ताच नाही. "हा चोरखिसा!" काका म्हणाले.

गंमत बघा. चोरखिसा म्हणजे चोराचा खिसा नव्हे. चोरदरवाजा, चोरकप्पा, तसाच हा चोरखिसा, म्हणजे लपवलेला खिसा. आणि ही काही आजची टूम नाही बरं का!

१९९१ साली युरोपातल्या आल्प्स पर्वतात बर्फात गोठलेला एक माणूस सापडला. ओट्झी असं त्याचं नाव ठेवलं आहे. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला एक चामड्याची पिशवी शिवलेली होती. तिच्यात काय होतं? गारगोटीची छोटी हत्यारं, हाडाची अणकुचीदार आरी आणि आग पेटवायला लागणारी अळंबी. पैसे नव्हते, कारण पैसा तेव्हा जन्मलाच नव्हता. पण जपून ठेवायची वस्तू कमरेशी बांधावी हे त्याला कळलं होतं.

आपल्याकडे तर याचे किती प्रकार! आजीला विचारा, पूर्वी पैसे कुठे ठेवायचे? ती म्हणेल, कनवटीला. नेसलेल्या लुगड्याची कमरेशी दुमड घालून तिच्यात नाणी खोचायची, ती कनवटी. धोतर नेसणारेही तसंच करत. पदराच्या टोकाला गाठ मारून तिच्यात पैसे ठेवणाऱ्या आज्या तर अजूनही दिसतात. व्यापारी कमरेला 'कसा' बांधायचे, म्हणजे कापडाची लांबट थैली. शेतकरीबाबांची बंडी पाहिली आहे का? तिला आतल्या बाजूने मोठा खिसा असतो. आषाढीच्या वारीला निघालेला वारकरी परतीच्या भाड्याची नोट त्याच खिशात ठेवतो. एस.टी.चं तिकीट टोपीच्या घडीत खोचणारे आजोबा तर माझ्या लहानपणी दर बसमध्ये दिसायचे. भाजी किंवा मासळी विकायला बसणाऱ्या मावश्यांचं पाकीट कमरेला खोचलेलं असतं, आणि कितीतरी जणी परकरालाच खिसा शिवून घेतात. तो काढताना त्या जरा पाठ फिरवतात, एवढंच.

'खिसा' हा शब्ददेखील मूळचा पिशवीच! फारसी भाषेत 'कीसा' म्हणजे पिशवी. पूर्वी युरोपात माणसं पट्ट्याला पैशांची थैली लोंबकळत ठेवत. चोर तिची दोरी कापून पळायचे, म्हणून इंग्रजीत चोराला 'थैलीकापू' अशा अर्थाचा शब्द होता. पुढे थैली कपड्याच्या आत गेली, कपड्यालाच शिवली गेली आणि इंग्रजी शब्द बदलला. आता चोर 'खिसा वेचणारा' झाला. हिंदीतला जुना शब्द तर आणखी मजेदार. गिरहकट! गिरह म्हणजे गाठ. पदराची किंवा धोतराची गाठ कापणारा तो गिरहकट. म्हणजे माणसाने पैसे कुठे लपवले ते चोराच्या नावावरूनसुद्धा कळतं.

युरोपातल्या बायकांची गोष्ट आमच्या वर्गातल्या मुलींना फार आवडली. सतराव्या-अठराव्या शतकात तिथल्या पुरुषांच्या कोटाला खिसे शिवलेले असत. बायका मात्र नाडीने कमरेला वेगळा खिसा बांधत आणि त्यावरून घागरा घालत. घागऱ्याला बाजूने फट ठेवलेली असे, तिच्यातून हात आत घालायचा. आपल्या परकराच्या खिशाची ही दूरची बहीणच म्हणायची! आता आयांना एक विनंती. पंजाबी ड्रेस शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला सांगून बाजूच्या शिवणीत एक खोल खिसा करून घ्या. मुलीच्या कपड्यालाही घ्या. "मुलींना कशाला हवा खिसा?" असं एखादा शिंपी म्हणेल. त्याला म्हणावं, मुलाला लागतो त्यासाठीच!

आता खिसेकापू काम कसं करतो ते पाहू. (हे वाचून एका पालकांनी मला विचारलं होतं, "बाई, वर्गात चोरी शिकवता की काय?" नाही हो. चोरी कशी होते ते कळलं तरच ती चुकवता येते.)

एक प्रयोग करा. मित्राला डोळे मिटायला सांगा आणि त्याच्या मनगटावर हलकेच बोट टेकवा. त्याला लगेच कळेल. आता एका हाताने त्याचं मनगट घट्ट दाबून धरा आणि शेजारीच तसंच हलकं बोट टेकवा. बहुतेक वेळा त्याला पत्ताच लागत नाही. मोठ्या दाबापुढे लहान स्पर्श हरवतो. लोकलच्या दारात नेमकं हेच होतं. चारी बाजूंनी धक्के बसत असतात, त्यात दोन बोटांचा स्पर्श कोण ओळखणार?

दुसरी गोष्ट लक्षाची. वर्गात आम्ही एक खेळ खेळलो. एकाच्या खिशात खोडरबर ठेवलं आणि त्याला तेराचा पाढा म्हणायला सांगितलं. मागून दुसऱ्याने ते हळूच काढायचं. तेरा सत्ते एक्याण्णवपर्यंत गाडी आली की खोडरबर गेलेलं असायचं! पाढा न म्हणता नुसतं उभं राहिलं, की चोर निम्म्या वेळा तरी पकडला जायचा. गाडी फलाटाला लागताना आपणही सगळे एक पाढाच म्हणत असतो: कुठला डबा, कुठलं दार, उतरणारे किती. म्हणून खिसे सर्वात जास्त सांभाळायचे ते चढताना आणि उतरताना. आत नीट उभं राहिल्यावर धोका कमी होतो. टळतो असं मात्र नाही.

खेळातून आणखी एक कळलं, आणि ते मुलांनीच शोधून काढलं. खोडरबर कुठल्या खिशात आहे ते चोराला सांगायचं नाही असं ठरवलं, तरी चोराला कळायचं. कसं? ज्याच्याकडे ते असे तो दर अर्ध्या मिनिटाने त्याच खिशावर हात ठेवून बघत असे! स्टेशनवर 'खिसेकापूंपासून सावध राहा' अशी सूचना कानावर पडते, तेव्हा आपण काय करतो? हात बरोबर पाकिटावर जातो. बघणाऱ्याला आयताच पत्ता मिळतो.

म्हणून चोरखिशाचा एकच नियम. त्यात ठेवलेली वस्तू प्रवासात काढायची नाही. सुटे पैसे, रुमाल, वडापावपुरते वीस-तीस रुपये वरच्या खिशात. मोठी नोट आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी चोरखिशात. मोबाइल काही त्यात मावायचा नाही. तो पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा आणि गर्दीत पाठपिशवी पोटावर घ्यायची.

चला, आता शिवू या. सुई-दोरा हातात घ्यायला मुलग्यांनी लाजायचं नाही. शिंपीकाका पुरुषच आहेत! पहिलीच वेळ असेल तर शेजारी मोठं माणूस असू द्या. कापड हवं जाडसर सुती. मांजरपाट उत्तम, जुन्या पॅंटचं ड्रिलही चालेल. जाड कापड ब्लेडला सहज दाद देत नाही. आधी ते धुऊन वाळवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात खिसा आटतो. आता माप. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब आणि ६.६ सेंटिमीटर रुंद असते. मध्ये दुमडली की झाली साडेसात सेंटिमीटर. म्हणून ११ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. तिची एक आखूड कड दीड सेंटिमीटर दुमडून हेम घाला. हे झालं खिशाचं तोंड. आता हे तोंड १० सेंटिमीटर वर येईल अशी पट्टी दुमडा, हेमची दुमड बाहेर दिसेल अशी. मागची बाजू वर साडेतीन सेंटिमीटर उरेल. ती आपली जीभ. दोन्ही कडांना एक-एक सेंटिमीटर आत शिवण घाला. आधी धावदोरा, मग त्यावर उलटी टीप. नुसता धावदोरा घातलात तर एक टाका तुटला की सगळी ओळ उसवते. उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागे येऊन पुढे जातो, म्हणून ती पक्की. तोंडाशी आणि कोपऱ्यात तीन-तीनदा टाके घ्या.

कोपऱ्यांचं का सांगते आहे माहीत आहे? खिसा फाटतो तो नेहमी कोपऱ्यात. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. मजुरांच्या पॅंटचे खिसे सारखे फाटतात म्हणून त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्याबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. तीच पुढे जगभर गेलेली जीन्स! घरात जीन्स असेल तर तिचे खिसे बघा. रिव्हेट आणि पुढच्या खिशातला तो इवलासा खिसाही दिसेल. तो मुळात साखळीचं घड्याळ ठेवण्यासाठी होता.

आपल्या खिशाकडे वळू. पिशवी उलटून सुलटी करा. तोंडाला एक टिचबटण लावा. जिभेच्या कच्च्या कडा आत दुमडा आणि जीभ पॅंटच्या किंवा स्कर्टच्या पट्ट्याला आतून शिवा. इथेच खरं कसब आहे. सुई फक्त आतल्या अस्तरातून गेली पाहिजे. बाहेरच्या कापडावर एक टाका जरी दिसला, तरी चोरखिसा कसला? ती तर पाटी झाली! परकराला किंवा नाडीच्या पायजम्याला नेफ्याच्या खाली शिवलात तरी चालतो.

टिचबटण नको असेल तर इतर उपाय आहेत. चेन चांगली, पण लहान खिशाला ती हाताने बसवणं कठीण. वेल्क्रो म्हणजे ती चर्रर्र आवाज करणारी पट्टी. तिची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ साली सुचली. फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिचा आवाज हाच तिचा राखणदार. आणि काहीच नसेल तर सेफ्टी पिन! अमेरिकेतल्या वॉल्टर हंट यांनी १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी पिनेला तोड नाही. खिशाच्या तोंडाला आतून पिन लावली की दोन बोटांनी ती उघडणं सोपं नसतं.

पिनांवरून आठवलं. तो मुलगा मला भेटला. जवळजवळ तीन आठवड्यांनी, त्याच गाडीत. मी त्याला ओळखलं आणि त्यानेही मला. त्याने डबा दुसऱ्या बाजूला घेतला. मी म्हटलं, "त्या दिवशी माझंच चुकलं रे. पैसे तू घेतले नव्हतेस. तुझ्या पिनाही माझ्यामुळे सांडल्या." तो काही बोलला नाही. मी पिनांचे दोन पत्ते घेतले आणि वर पन्नास रुपये देऊ लागले. त्याने पत्त्यांचे पैसे तेवढे मोजून घेतले, उरलेले परत केले आणि पुढे गेला.

त्याला पकडलं तेव्हा डब्यात कुणीतरी म्हणालं होतं, "ही उचल्यांची पोरं अशीच!" हा शब्द मी तेव्हा सोडून दिला, पण नंतर तो मनातून जाईना. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. विचार करा, पाळण्यातलं बाळसुद्धा चोर! स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्यातून मुक्त झाल्या. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. अशाच एका समाजात लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांनी आपली कहाणी लिहिली. तिचं नावच 'उचल्या'. १९८७ साली ते पुस्तक आलं आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोठे झालात की जरूर वाचा. आई-बाबांनी वाचलं नसेल तर त्यांनी आत्ताच वाचावं.

आई-बाबांसाठी आणखी चार ओळी. गाडीत किंवा स्टेशनात चोरी झाली तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे होते. त्यांचा मदतीचा नंबर १५१२ आणि रेल्वेचा १३९. चोरी नक्की कुठल्या हद्दीत झाली ते सांगता आलं नाही म्हणून परत फिरू नका. कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. मोबाइल गेला असेल तर तक्रारीची प्रत जोडून केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या सोयीतून तो देशभर बंद पाडता येतो. मे २०२३ पासून ही सोय आहे. त्यासाठी फोनचा १५ आकडी आयएमईआय नंबर लागतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. आजच वहीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये बघता येत नाही! आणि कुणावर संशय आला तर पोलिसांना सांगा. आपण झडती घ्यायची नाही की हात उगारायचा नाही. हे मी कुणाला सांगते आहे ते तुम्हाला कळलंच असेल.

आता सहलीचं. आम्ही गेलो बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी बघायला. तिथे डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. निघण्याआधीच्या शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला ३४ चोरखिसे तयार झाले. काही वाकडे, काहींच्या तोंडाला बटणच नाही, एकाने तर उत्साहाच्या भरात तोंडही शिवून टाकलं! सगळ्यांच्या खिशात घरून दिलेली पन्नासाची नोट. मीही साडीखालच्या परकराला खिसा शिवला होता आणि तो दहा वेळा चाचपत होते. "बाई, हात!" असं मुलं मला ओरडून सांगत होती.

बसने गेल्यामुळे खिसेकापू भेटायचा प्रश्नच नव्हता. निदान आम्हाला तसं वाटलं होतं. लेण्यांच्या पायऱ्यांवर डबे उघडले आणि समोरच्या झाडावरून एक माकड खाली आलं. चोरखिशावर मघापासून सगळ्यांना भाषण देणारा एक पठ्ठ्या पहिल्या पायरीवर बसला होता. माकडाने त्याच्याकडे बघितलं, त्याने माकडाकडे. एवढ्यात दुसरं माकड मागून आलं आणि त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशातली शेंगदाण्याची चिक्की काढून झाडावर गेलंसुद्धा! एकाने लक्ष वेधलं, दुसऱ्याने काम केलं.

पठ्ठ्या क्षणभर रडवेला झाला. मग त्याने कमरेत हात घातला, पन्नासाची नोट जागेवर आहे की नाही ते पाहिलं आणि माकडाला अंगठा दाखवला. नोट त्याने परत घरी आणली. दोन दिवसांनी त्याची आई सांगत आली, की खिसा इतका छान लपलेला होता की पॅंट नोटेसकट धुतली गेली. नोट मांजरपाटाच्या घडीत होती, त्यामुळे फाटली नाही. सध्या ती त्यांच्या स्वयंपाकघरात दोरीवर वाळत आहे, चिमटा लावून.